बारावीतल्या मुलीची विनोदी कादंबरी: पहिल्या कार्डापासून शेवटच्या प्रुफापर्यंत

बारावीचं वर्ष कादंबरी लिहिणाऱ्याला आयतं हाती मिळतं. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मध्ये परीक्षेचा डोंगर, आणि घरातला प्रत्येक माणूस एका मुलीकडे डोळे लावून बसलेला. तरी या विषयावरची कितीतरी हस्तलिखितं पन्नासाव्या पानाशी दम टाकतात. मुलगी हुशार असते, चुरचुरीत बोलते, सगळ्यांना बरोब्बर ओळखते आणि कुठेच चुकत नाही. जी चुकतच नाही ती मोठी कशी होणार? आणि तिला ठाऊक नसलेलं काहीतरी वाचकाला दिसल्याशिवाय हसू तरी कशाचं येणार?

म्हणून खालची सगळी कृती नायिकेच्या एका ठाम गैरसमजाभोवती बांधली आहे. सोयीसाठी उदाहरण एकच घेऊ. वैष्णवी, वय १७, इचलकरंजी, बारावी वाणिज्य, शैक्षणिक वर्ष २०२४-२५. पप्पा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आई घरी शिवणकाम करते. आज्जी आहे, आठवीतला भाऊ ओंकार आहे.

आधी गैरसमज, मग बाकी सगळं

एका कार्डावर एकच वाक्य लिहा, नायिकेच्या तोंडचं. वैष्णवीचं वाक्य असं: ‘हे घर माझ्यावर चालतं. मी नसले तर हे चौघं आठवड्यात उपाशी पडतील.’

हे वाक्य चालेल का, हे तपासायला तीन प्रश्न विचारा. ते ती चारचौघांत अभिमानाने म्हणेल का? म्हणायला हवी. ‘मला काहीच जमत नाही’ हा गैरसमज विनोदी कादंबरीला निरुपयोगी आहे, कारण त्यात ती आधीच खाली बसलेली आहे; पडायला उंची लागते. दुसरं, त्यात थोडं तरी खरं आहे का? वैष्णवी घरखर्चाची वही खरोखर ठेवते, वीजबिल भरते, किराणा दुकानाची उधारी तिला तोंडपाठ आहे. अजिबात खरं नसेल तर ती मूर्ख वाटते आणि वाचक तिची साथ सोडतो. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: या गैरसमजाची किंमत दुसरं कोण मोजतंय? इथे ओंकार मोजतो. त्याला घरात कुणी काही विचारत नाही, कारण ताईला सगळं येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर कादंबरी शंभर पानं छान हसवेल आणि पुढे तिला जायला जागाच उरणार नाही.

कार्ड भिंतीला लावा. पुढे लिहिलेला प्रत्येक प्रसंग या वाक्याला धक्का देतो किंवा खोटा टेकू देतो. दोन्ही करत नसेल तर तो कितीही गमतीदार असला तरी काढायचा. हे जिवावर येतं, पण याला पर्याय नाही.

शाखा आणि वर्ष नेमकं ठरवा

‘बारावी’ म्हणून चालत नाही. विज्ञानाची मुलगी आणि वाणिज्याची मुलगी यांचा दिवसच वेगळा असतो. विज्ञानात जर्नल, प्रॅक्टिकल, सीईटी किंवा नीट, पहाटेचा क्लास. वाणिज्यात इंग्रजी, मराठी, बुक कीपिंग, इकॉनॉमिक्स, ओसी (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) आणि एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) असे सहा विषय, एकूण ६०० गुण. बुक कीपिंगची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत २०. कला शाखेच्या मुलीला कुणी फारसं विचारत नाही, आणि ती उपेक्षा स्वतःच एक मोठा विषय आहे. विज्ञानावर आधीच पुष्कळ लिहिलं जातं. वाणिज्य आणि कला शाखा अजून कोऱ्या पडल्या आहेत, तिकडे जरूर पाहा.

शाखा निवडली की तिची भाषाही हातात येते. वैष्णवी माणसांना ताळेबंदात मांडते, आणि त्यामुळे तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याही नायिकेसारखा राहत नाही:

‘आज्जीला ताळेबंदात कुठं धरायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती जमीन नाही, कारण जमिनीवर घसारा लागत नाही आणि आज्जीचे गुडघे दरवर्षी दहा टक्क्यांनी जातात. यंत्र म्हणावं, तर यंत्र कधीतरी बंद पडतं.’

हे लिहायला लेखकाला घसारा, म्हणजे वापराने वस्तूच्या किमतीत दरवर्षी धरायची घट, कशावर लागतो आणि कशावर नाही हे माहीत असावं लागतं. बारावीचं पाठ्यपुस्तक आणून पहिले चार धडे स्वतः सोडवा. गणित जुळेपर्यंत सोडवा. न जुळणाऱ्या ताळेबंदापुढे रात्री अकरा वाजता बसलेल्या मुलीची अवस्था ऐकून लिहिता येत नाही.

वर्षही खरं धरा. २०२१ साली बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि दहावी, अकरावी, बारावीच्या कामगिरीला अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के वजन देऊन निकाल लागला. त्या वर्षीची मुलगी घ्यायची तर कादंबरी मुळापासून वेगळी होईल. नीट २०२४ मध्ये २०० मिनिटांची होती, २०२५ मध्ये ती १८० मिनिटांची झाली. वाचणाऱ्यांत त्या वर्षी बारावीला असलेली मुलंमुली असणारच आणि त्यांना हे आकडे झोपेतही आठवतात.

वर्षाचा कागद

मोठ्या कार्डशीटवर जून ते पुढचा जून असे तेरा उभे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात तीन ओळी: कॉलेजात काय, गावात काय, घरात काय. वैष्णवीच्या वर्षाचा कागद भरायला घेतला की निम्मं कथानक आपोआप वर येतं.

जून २०२४. कॉलेज सुरू होतं, पण बारावीच्या क्लासने उन्हाळ्यातच दोन धडे संपवलेले असतात. महिन्याच्या शेवटी राज्य सरकार लाडकी बहीण योजना जाहीर करतं. जुलैत एकीकडे पंचगंगेचं पाणी चढतंय आणि दुसरीकडे आई अर्जाच्या रांगेत उभी आहे. ऑगस्टमध्ये आईच्या खात्यावर दोन हप्त्यांचे मिळून ३,००० रुपये जमा होतात. आता थांबून पाहा. घराचा हिशोब आपल्या मुठीत आहे असं मानणाऱ्या मुलीच्या घरात आईकडे पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले आहेत आणि त्यांची नोंद वहीत करायला आई तयार नाही. असा प्रसंग डोकं खाजवून सुचत नाही. तो त्या वर्षाच्या पोटात पडून असतो, कागद भरल्यावर दिसतो.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. ऑक्टोबरात सहामाही, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. शाळा-कॉलेजांत मतदान केंद्रं, शिक्षक निवडणुकीच्या कामाला, अभ्यासक्रम तिथेच अडकलेला. वैष्णवीला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी पडतात, त्यामुळे घरातल्या तीन मतदारांना कुणाला मत द्यायचं हे तोंडी सांगणं एवढंच तिच्या हाती उरतं. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि साडी डे. जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि हॉल तिकीट. ११ फेब्रुवारी २०२५ ला इंग्रजीचा पेपर. ४ मेला नीट आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ५ मेला दुपारी एक वाजता बारावीचा निकाल. वैष्णवीच्या मैत्रिणीने नीट दिली असेल तर त्या दोन दिवसांवर एक अख्खं प्रकरण उभं राहतं. एकीला काल रात्री झोप नाही, दुसरीला आज.

वजन वाटताना मात्र सावध राहा. नवखे लेखक परीक्षेला पुस्तकाचा तिसरा हिस्सा देऊन टाकतात. प्रत्यक्षात परीक्षेचे तीन तास कादंबरीच्या दृष्टीने मुके असतात. सगळे खाली मान घालून लिहितात, कुणी कुणाशी बोलत नाही. खरी मजा दोन पेपरांमधल्या सुट्टीच्या दिवसांत असते. पाहुणे ‘सहज’ येऊन जातात, आई दही-साखर घेऊन दारात उभी राहते, झालेल्या पेपरावर बोलायचं नाही असं ठरवून सगळे त्यावरच बोलतात. ४५,००० शब्दांची कादंबरी धरली तर जून ते डिसेंबरला २५,०००, जानेवारीला ६,०००, परीक्षेच्या काळाला ६,०००, आणि परीक्षेनंतरच्या रिकाम्या उन्हाळ्याला पूर्ण ८,००० शब्द ठेवा. वर्षभर जी ‘अभ्यास आहे’ म्हणून सुटत होती तिला आता सबब उरलेली नसते. मोठं होणं बहुतेक त्याच दोन महिन्यांत घडतं.

आवाज

प्रथमपुरुषी निवेदन घ्या. गैरसमजावर उभी असलेली कादंबरी तृतीयपुरुषी लिहिली की लेखक नकळत वाचकाला डोळा मारू लागतो, आणि मग मुलगी हास्यास्पद होते. ‘मी’ने सांगितलं की ती पूर्ण खात्रीने बोलते आणि वाचक त्या खात्रीच्या फटीतून पलीकडचं पाहतो.

डायरीचा घाट मोहात पाडतो, पण त्यात अडचण आहे. डायरी लिहिणाऱ्या मुलीला प्रत्येक प्रसंगानंतर कागद-पेन घेऊन बसवावं लागतं, संवाद आठवून लिहिल्यासारखे होतात, आणि परीक्षेच्या दिवसांत ती एवढं लिहिते कधी हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा सरळ भूतकाळात सांगू द्या. सांगणारी आणि घडलेलं यांत दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर मात्र ठेवू नका. तीस वर्षांची बाई मागे वळून पाहते आहे असा सूर लागला की प्रत्येक वाक्यात शहाणपण झिरपतं आणि गैरसमज पहिल्याच पानावर मरतो.

बोलीचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो, कारण तो मागाहून बदलायचा म्हणजे प्रत्येक क्रियापदाला हात लावणं आलं. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या बायकामुली ‘मी जातो’, ‘मी येतो’, ‘मी करतो’ असं म्हणतात. वैष्णवी संवादात तसंच बोलणार. निवेदनाचं काय? एकच प्रसंग, दूधवाल्याशी झालेलं भांडण म्हणा, दोनशे शब्दांत तीन प्रकारे लिहून पाहा: सगळं प्रमाण मराठीत, निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, सगळं बोलीत. तिन्ही मोठ्याने वाचा. वैष्णवीसाठी दुसरा प्रकार बसतो, कारण ती वर्गात निबंध लिहिणारी मुलगी आहे आणि लिहिताना ‘शुद्ध’ लिहायचं हे तिच्यावर बिंबलेलं आहे. मराठी व्याकरण इथे मदतीला धावून येतं: ‘मी पाहिलं’, ‘मी विचारलं’, ‘मी सांगितलं’ या रूपांत बोलणारीचं लिंग दिसतच नाही. निवेदनात अशी वाक्यं जास्त ठेवली की संवादातलं ‘जातो’ आणि निवेदनातलं ‘गेले’ एकमेकांना कमी टोचतात.

बोली विनोदासाठी वापरू नका. ‘जातो’ म्हणणारी मुलगी सुट्टीत पुण्यात गेल्यावर तिथल्या मुली हसल्या, एवढ्यावर प्रसंग संपत असेल तर कादंबरी त्या हसणाऱ्या मुलींच्या बाजूने उभी राहिली. वैष्णवी या प्रसंगात काय करते? ती एक दिवस प्रयत्न करून ‘जाते’ म्हणते, फोनवर आईशीही चुकून तसंच बोलते, आणि पलीकडे आई क्षणभर गप्प होते. ती शांतता लिहायची आहे.

वहीत शब्दांच्या तीन याद्या करा, प्रत्येकी तीस-चाळीस शब्दांच्या. पहिल्या यादीत तिचे खास शब्द: घसारा, बुडीत कर्ज, किरकोळ, थकबाकी. दुसरीत तिने न कळत आईकडून उचललेले: ‘अंगाला लावून घेऊ नये’, ‘उगं आपलं’. तिसरीत ती कधीही वापरणार नाही ते: अस्तित्व, हुरहूर, भावविश्व, अंतर्मुख. मसुदा झाल्यावर तिसरी यादी शोधून काढा. जिथे हे शब्द सापडतील तिथे लेखक मुलीच्या जागी जाऊन बसलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद एका ठिकाणी सहा-आठ ओळींपेक्षा जास्त देऊ नका. मुलं खरं तर रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. पुस्तकात देवनागरीच ठेवा, पण विरामचिन्हं काढा आणि वाक्यं अर्धी तोडा, तेवढ्याने बोटांची घाई पोचते.

घरातली माणसं आणि हाका

प्रत्येकाला स्वतःची एक इच्छा द्या, जिचा नायिकेच्या बारावीशी काहीही संबंध नाही. पप्पांना जुना माग विकत घेऊन स्वतःचा धंदा करायचा आहे. आईला टेलरिंगच्या कपाटाला आरसा बसवायचा आहे. आज्जीला एकदा पंढरपूरला स्वतःच्या पैशाने जायचं आहे. ओंकारला कुणीतरी काहीतरी काम सांगायला हवं आहे. वैष्णवीला यातली एकच इच्छा माहीत आहे आणि तीही चुकीची. घरात चार माणसं चार दिशांनी ओढत असली की विनोद प्रसंगात आपोआप येतो. सगळे तिच्याभोवती फेर धरून असतील तर प्रत्येक पानावर तो बाहेरून आणावा लागतो.

हाका तपासून घ्या. आईला ‘तू’, पप्पांना या भागातल्या बऱ्याच घरांत ‘तुम्ही’. आज्जीला ‘तू’. सर आणि मॅडम कायम ‘तुम्ही’, टोपणनावं फक्त निवेदनात. वडिलांना पहिल्या प्रकरणात ‘तुम्ही’ आणि सातव्यात ‘तू’, अशी घसरण हस्तलिखितांत फार वेळा दिसते आणि वाचकाला त्या घरातून एकदम बाहेर फेकते.

शहरातला एक तपशील: १६ ते १८ वयात परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. नेहमीची स्कूटर त्याहून मोठी असते. नायिका रोज स्कूटरवरून क्लासला जात असेल तर ती रोज पोलिसाला चुकवते आहे, हे लिहायलाच हवं.

प्रसंगाचं कार्ड

एका प्रसंगाला एक कार्ड, कार्डावर चार ओळी. कुणाला काय हवंय. आडवं काय येतंय. वैष्णवीच्या मते काय घडलं. खरं काय घडलं. तिसरी आणि चौथी ओळ सारखीच निघाली तर प्रसंग सपाट आहे.

नमुना पाहा. मामाच्या मुलीच्या लग्नासाठी वैष्णवी चार दिवस सांगलीला जाते. फ्रिजवर ३१ सूचनांचा कागद चिकटवून जाते (सूचना क्रमांक १७: ‘आज्जीची गोळी जेवणानंतर. जेवणानंतर म्हणजे जेवणाच्या नंतर.’). परत येते तर घर नेहमीपेक्षा स्वच्छ. तिच्या मते काय घडलं? माझ्या धाकाने सगळे राबले. खरं काय घडलं? कागद पहिल्याच दिवशी गळून फ्रिजमागे पडला होता, आणि ओंकारला ही सगळी कामं दोन वर्षांपासून येत होती. वाचकाला हे कसं कळवायचं? फक्त एका वस्तूतून. ती झाडताना फ्रिजमागून तो कागद ओढून काढते, धूळ झटकते आणि म्हणते, ‘वाचून जपून ठेवलाय.’ पुढे काहीही समजावू नका.

असे ४० ते ४५ प्रसंग लागतात. प्रत्येकाला सरासरी हजार शब्द धरा. एका प्रकरणात दोन प्रसंग, म्हणजे वीस-बावीस प्रकरणं. कार्डं जमिनीवर मांडा आणि फक्त चौथ्या ओळी ओळीने वाचा. त्यांतून दुसरी, न सांगितलेली गोष्ट सलग वाचता आली पाहिजे.

विनोद कुठून येतो, कुठे बिघडतो

हस्तलिखितांत सर्रास दिसणारा नमुना हा: ‘आमची आज्जी म्हणजे एक वल्लीच होती. तिच्या एकेक करामती ऐकून हसून हसून पोट दुखायचं.’ इथे लेखकाने हसण्याची पावती आधीच फाडली आणि माल दिलाच नाही. आता हे पाहा: ‘आज्जीनं टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईला, जेवलीस काय गं, असं विचारलं. बाई पुढची बातमी सांगू लागली. आज्जी म्हणाली, पगार कमी असंल.’ यात आज्जीला लावलेलं विशेषण एकही नाही. आज्जी विनोद करत नाहीये, तिला त्या बाईची खरोखर काळजी आहे. विनोदी पात्राला आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये, हा या प्रकारच्या लेखनातला सगळ्यात खात्रीचा नियम आहे.

नेमका आकडा नेहमी मदत करतो. ‘खूप सूचना’ यापेक्षा ‘३१ सूचना’. ‘बराच वेळ’ यापेक्षा ‘कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत’. हिशोब ठेवणाऱ्या मुलीच्या तोंडी तर आकडे शोभतातच.

उपमा एका पानाला एक पुरे. एकाच वाक्यात तीन उपमा आल्या की वाचक प्रसंग पाहायचं सोडून लेखकाची करामत पाहू लागतो. उपमा तिच्या जगातली हवी. मागाच्या खडखडाटात वाढलेली मुलगी शांततेबद्दल बोलताना काय म्हणेल? ‘वीज गेली की माग थांबतात आणि मला अभ्यास सुचत नाही. एवढ्या शांततेत माणसाला स्वतःचं ऐकू येतं.’ समुद्राच्या लाटा तिच्या डोक्यात येणार नाहीत.

मग ठेवणीतली एक वस्तू निवडा, जी किमान तीनदा परत येईल. पहिल्यांदा हसू, दुसऱ्यांदा अडचण, तिसऱ्यांदा कळ. इथे ती घरखर्चाची वही. पहिल्या प्रकरणात वैष्णवी वहीच्या जोरावर किराणावाल्याला गप्प करते. नोव्हेंबरात आईच्या पैशांवरून वहीमुळेच भांडण होतं. एप्रिलमध्ये रिकाम्या दुपारी ती जुनी पानं चाळते आणि तिला दिसतं की जवळजवळ प्रत्येक पानावर तिच्या बेरजेखाली पेन्सिलने, पुसट, कुणीतरी बरोबर बेरीज लिहून ठेवली आहे. अक्षर आठवीतल्या मुलाचं. या जागेवर वैष्णवीने एकही वाक्य बोलू नये आणि लेखकानेही बोलू नये.

शरीरावरचे विनोद, काळ्या रंगावरचे, जाडेपणावरचे, तोतरेपणावरचे, सगळे काढून टाका. वाचणाऱ्यांत सतरा वर्षांच्या मुली आहेत आणि त्यांच्यावर असं हसणारे आधीच पुरेसे आहेत. शिक्षकांची व्यंगचित्रंही टाळा. रटाळ शिकवणाऱ्या सरांना एक गोष्ट अप्रतिम करता येऊ द्या. फळ्यावर पट्टी न घेता सरळ रेघ मारता येणं एवढंसुद्धा पुरतं.

प्रेमाचं कथानक ठेवायचं तर नायिका सतरा वर्षांची आहे हे धरून ठेवा. नजर, निरोप, बसस्टॉपवरची पंधरा मिनिटं, यापुढे जाण्याची गरज नाही. आणि त्या मुलाच्या मदतीने तिचा गैरसमज सोडवू नका. तो तिचा तिनेच सोडवायचा.

मसुदा

रोज ५०० शब्द, ९० दिवस, मागे न वळता. तपशील अडला तर चौकोनात खूण करून पुढे जा: ‘इथे घसाऱ्याचं गणित तपास’. पहिल्याच प्रकरणाला महिनाभर घोळत बसणाऱ्यांचा शेवट बहुधा कधी लिहून होत नाही.

साधारण विसाव्या हजार शब्दांशी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रकरणांत, गाडी रुतते. प्रसंग तेवढेच मजेशीर असतात, तरी कंटाळा येतो. गैरसमज तोवर फक्त हसवत आलेला असतो, त्याने कुणाचंच काही बिघडवलेलं नसतं, म्हणून असं होतं. नेमकं इथेच त्याचं बिल कुणालातरी येऊ द्या. वैष्णवी आईला न विचारता तिच्या पैशातून वीजबिल भरते, आणि आरशाचे पैसे जातात. हेतू चांगला, कृती चुकीची, आणि माफी मागायला तिला पाच प्रकरणं लागतात.

परीक्षेची प्रकरणं लिहिताना हे हाताशी ठेवा: सकाळच्या सत्राचा पेपर ११ ते २, आणि २०२३ पासून शेवटी १० मिनिटं वाढीव. हॉल तिकिटावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का. बारकोडचं स्टिकर, पुरवणी, पुरवणी बांधायचा दोरा. भरारी पथक. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३५. निकाल दुपारी एकला ऑनलाइन कळतो, छापील गुणपत्रिका काही दिवसांनी कॉलेजातून मिळते. दोन्ही एकाच दिवशी हातात दिल्या की जाणता वाचक पुस्तक मिटतो.

शेवट

टक्केवारीवर संपवू नका. ९१ टक्के मिळाले तर बक्षीस समारंभ होतो, ५२ मिळाले तर बोधकथा. निकाल शेवटून तिसऱ्या प्रकरणात सांगून टाका, एका ओळीत, आणि वाचकाला दाखवा की अजून काहीतरी उरलं आहे.

‘तेव्हा मला कळलं की’, ‘त्या दिवशी मी मोठी झाले’ अशी वाक्यं मसुद्यात शोधून खोडा. कळलेलं सांगू नका, तिला काहीतरी वेगळं करू द्या. वैष्णवी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या एसटीत बसते. अर्धं तिकीट काढते, उरलेले पैसे सवयीने मोजते. किणी टोलनाक्याजवळ फोन वाजतो. ओंकारने वहीच्या नव्या पानाचा फोटो पाठवलाय, पहिला हिशोब त्याने स्वतः लिहिलेला. बेरीज दहा रुपयांनी चुकली आहे. ती दुरुस्ती टाइप करते. खोडते. ‘बरोबर’ एवढंच लिहून पाठवते. कादंबरी इथे थांबते. बसचं पुढे काय झालं, पुणं कसं होतं, काही नको.

वाचून घेणं आणि पुनर्लेखन

महिनाभर हस्तलिखित बाजूला ठेवा. मग तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकच काम. पहिल्या फेरीत फक्त प्रसंग: कोणता काढायचा, कोणता हलवायचा. दुसऱ्या फेरीत संवाद मोठ्याने, शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घेऊन. अडखळण्याची जागा म्हणजे दुरुस्तीची जागा. तिसऱ्या फेरीत शब्द.

वाचायला देताना सतरा-अठरा वर्षांच्या तीन मुली आणि त्या वयाच्या मुलांचे एक पालक गाठा. ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. तीन गोष्टी समासात लिहायला सांगा: कुठे खाली ठेवलंत, कुठे हसलात, कुठे ‘असं कुणी बोलत नाही’ असं वाटलं. दोघांनी एकाच पानावर पुस्तक ठेवलं असेल तर दोष बहुधा त्या पानाच्या चार-पाच पानं आधी असतो. तिथपासून पाहा.

छापायला देताना

डेमी आकारात एका पानावर साधारण २६० ते २७० शब्द बसतात. ४५,००० शब्दांची सुमारे १७० पानं, वर शीर्षकाची आणि इतर सहा, म्हणजे १७६. सोळा पानांच्या फॉर्म्याने (फॉर्मा म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) बरोबर अकरा फॉर्मे. १७९ पानं झाली तर बाराव्या फॉर्म्याची तेरा पानं कोरी जातील, तेव्हा तीन पानं कापणं शहाणपणाचं. स्वतः प्रकाशित करणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. प्रकाशकाकडे जाताना पूर्ण हस्तलिखिताबरोबर एका पानाचा सारांश द्या आणि त्यात शेवट उघड सांगा. तिथे उत्सुकता ताणायची नसते.

फाइल युनिकोडमध्ये असू द्या. अक्षरजुळणी जुन्या फाँटमध्ये होणार असेल तर रूपांतरात ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं मोडतात. पहिल्या प्रुफात ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘ॲडमिशन’ असे शब्द आधी शोधा.

आणि प्रुफाबरोबर बोलीच्या शब्दांची यादी न विसरता जोडा, वर ठळक लिहून: ‘हे दुरुस्त करू नयेत’. मुद्रितशोधक प्रामाणिकपणे आपलं काम करतात. मुलगी बोलतेय हे पाहून ते प्रत्येक ‘मी जातो’चं ‘मी जाते’ करून टाकतात, आणि आईला चुकून ‘जाते’ म्हणाल्यावर फोनवर पडलेली ती शांतता कुणालाच कळेनाशी होते. दुसरं प्रूफ आलं की सगळ्यात आधी ते पान उघडा.